गिटारवर स्वतःचं गाणं करताना अडकलात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार मांडीवर, वही समोर, तास उलटून गेला आणि तेच चार कॉर्ड गोल गोल फिरताहेत. स्वतःची गाणी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. मी बरीच वर्षं गाणी करतोय. त्यातली निम्मी कुणाला ऐकवण्याजोगी नाहीत, पण अडकण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे. त्या भांडवलावर ही उत्तरं लिहिली आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही, तुमचं जिथे अडलंय तो प्रश्न गाठा.

काहीच सुचत नाही. हा ‘रायटर्स ब्लॉक’च ना?

असेल. पण हे नाव फारसं उपयोगी नाही. एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७ मध्ये ते वापरात आणलं आणि तेव्हापासून हरतऱ्हेची अडचण त्याच एका पोत्यात कोंबली जाते. ‘पोटात दुखतंय’ एवढ्यावर कुठला डॉक्टर औषध देईल?

म्हणून आधी दुखणं कुठे आहे ते बघा. चाल सुचत नाही? चाल आहे, पण शब्द येत नाहीत? की दोन्ही येतात आणि काहीच पसंत पडत नाही? माझ्या पाहण्यात तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आहे, आणि गंमत म्हणजे तीच माणसं ‘मला काही सुचतच नाही’ असं म्हणतात. फोनमधली रेकॉर्डिंग उघडा. तिथे अर्धवट तुकड्यांची रांग लागली असेल तर तुम्हाला सुचतंय भरपूर, फक्त त्यातलं एक उचलून बाकीच्यांना ‘नंतर बघू’ म्हणण्याचा धीर होत नाहीये. फोन रिकामा असेल तर अडचण वेगळी. ती बहुधा हातांची असते, आणि पुढचं उत्तर तुमच्यासाठीच आहे.

गिटार घेतली की हात आपोआप जी, सी, डी, ई मायनरकडे जातात. नवीन काही निघतच नाही.

हात कानांपेक्षा चपळ असतात, खरी गोम ही आहे. बोटांना हजारदा गिरवलेले आकार पाठ असतात. मनात काही उमटायच्या आत ती तिथे पोचलेली असतात आणि मग आपण त्या कॉर्डवर जे बसेल तेच गुणगुणतो. म्हणजे चाल आपण करत नाही, बोटं करतात. आणि बोटांना नवं काही करायची हौस नसते.

पहिला उपाय सोपा आणि थोडा अपमानकारक आहे: गिटार खाली ठेवा. चालताना, भांडी घासताना, अंघोळ करताना नुसतं गुणगुणा आणि फोनवर टिपून ठेवा. आवाजाला फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) नसतात, त्यामुळे तो अशा ठिकाणी जातो जिथे बोटं कधी गेली नसती. नंतर गिटार घेऊन ती चाल शोधा. कॉर्ड शोधायला वेळ लागला तर खुश व्हा, नेहमीच्या गल्लीतून बाहेर पडल्याची ती खूण आहे.

दुसरा उपाय म्हणजे हातांची सोय काढून घेणं. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर लावा. सीचा आकार तिथे जी होऊन वाजतो, पण आवाज इतका बारीक आणि चमकदार येतो की वाद्यच बदलल्यासारखं वाटतं. किंवा फक्त दोन तारा वाजवायच्या असं ठरवा: जाड तारेवर बेस, बारीक तारेवर चाल, मधलं सगळं रिकामं. पूर्ण कॉर्ड छेडला की जागा भरून जाते आणि आवाजाला फिरायला अंगण उरत नाही. दोन तारांवर मात्र चालीला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

तिसरा आहे ठेका. आपल्यापैकी बहुतेकांचा उजवा हात एकाच स्ट्रमिंगवर पोसलेला असतो, आणि ठेका तोच असला की कॉर्ड कितीही बदला, गाणं ओळखीचंच लागतं. चार मात्रांऐवजी सहा मात्रांत, दादऱ्याच्या चालीने वाजवून बघा. हौस असेल तर रूपक तालाच्या सात मात्रा घ्या. तीन-दोन-दोनची ती लंगडी चाल शब्दांनाही वेगळी वळणं घ्यायला लावते.

संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये अडलेल्या कलावंतांसाठी सूचनांच्या पत्त्यांचा एक संचच काढला होता. अडलं की पत्ता ओढायचा आणि तो सांगेल तसं करायचं. घरच्या घरी चिठ्ठ्या करता येतात. माझ्या डब्यातल्या काही: ‘पहिली तार बंद’, ‘तीनच स्वर’, ‘कडव्यात “मी” नाही’, ‘शेवटच्या ओळीपासून सुरुवात’. ‘पहिली तार बंद’ माझ्याकडे सारखी निघते आणि मला ती मुळीच आवडत नाही, पण दोन गाणी तिने दिली आहेत.

ट्यूनिंग बदलल्याने खरंच फरक पडतो की ते नुसतं फॅड आहे?

पडतो. कारण तेच, बोटांना पाठ असलेला नकाशा एका झटक्यात निकामी होतो. गायिका-गीतकार जोनी मिचेल हे याचं ठळक उदाहरण. नवव्या वर्षी पोलिओ झाल्याने डावा हात अशक्त राहिला, नेहमीचे काही आकार धरणं अवघड झालं, म्हणून त्या तारा वेगवेगळ्या लावून वाजवू लागल्या. पुढे त्यांच्या गाण्यांत डझनावारी ट्यूनिंग आले.

सुरुवात करताना तारा उतरवणारे ट्यूनिंग निवडा, चढवणारे नको. चढवताना ताण वाढतो आणि तार तुटू शकते. सगळ्यात सोपं म्हणजे सहावी (सगळ्यात जाड) तार ईवरून डीला आणा, बाकी तशाच ठेवा. ओपन जी हवं असेल तर सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवा. मग काहीही न दाबता छेडलं तरी जी मेजर वाजतो. सहावी, दुसरी आणि पहिली उतरवली तर डी-ए-डी-जी-ए-डी मिळतं. ते ना मेजर ना मायनर असं मधेच तरंगत राहतं, आणि खालचा डी तंबोऱ्यासारखा सतत घुमत असल्यामुळे आपल्या कानांना ते चटकन आपलंसं वाटतं.

एक कळकळीची सूचना. नव्या ट्यूनिंगमध्ये काही सापडलं तर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडाने बोला: अमुक ट्यूनिंग, कॅपो अमुक फ्रेटवर. मी एकदा हे केलं नाही. चाल आजही फोनमध्ये आहे, सुंदर आहे, आणि ती कशी वाजवली होती ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

चाल बरी आहे, पण कॉर्ड फार कंटाळवाणे वाटतात. काय करू?

दोन गोष्टी करून बघता येतील.

पहिली: चालीतला तोच स्वर दुसऱ्या कॉर्डच्या पोटात ठेवा. चाल जी या स्वरावर थांबत असेल तर तो सी मेजरमध्ये आहे, जी मेजरमध्ये आहे आणि ई मायनरमध्येही आहे. स्वर तोच, पण खाली सी असेल तर घरी आल्यासारखं वाटतं आणि ई मायनर असेल तर घरात कुणीच नाही असं. प्रत्येक लांब स्वराखाली असे दोन-तीन पर्याय लावून ऐका. चालीला हात न लावता गाण्याचा चेहरा बदलतो.

दुसरी जास्त रसाळ आहे. आपण लहानपणापासून जे संगीत ऐकत आलोय त्यातले थाट (सात स्वरांचे साचे) गिटारच्या कॉर्डमध्ये लपलेले असतात. नेहमीचा मेजर म्हणजे बिलावल. जी मेजरच्या गाण्यात मधेच एफ मेजर टाका. शुद्ध निषाद कोमल होतो आणि तुम्ही खमाजात येता. सी मेजरच्या गाण्यात डी मायनरऐवजी डी मेजर वाजवा, मध्यम तीव्र झाला, कल्याण थाट. ए मायनरच्या गाण्यात डी मायनरच्या जागी डी मेजर घ्या, कोमल धैवत शुद्ध होतो आणि असावरीतून काफीत पाऊल पडतं. ई मायनरनंतर एफ मेजर वाजवला की कोमल ऋषभ येतो, म्हणजे भैरवी. थाट म्हणजे राग नव्हे, हे जाणकारांनी सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो. इथे रागाची शुद्धता सांभाळायची नाहीये, एक खिडकी उघडायची आहे. एकच कॉर्ड बदला, तो बदललेला स्वर चालीत ठळकपणे घ्या आणि बघा पुढची ओळ कुठे जाते ते.

आधी शब्द की आधी चाल?

ज्याने अडलंय त्याच्या उलट. आजवर चाल आधी करत असाल तर पुढचं गाणं शब्दांपासून सुरू करा. याहून खोल तत्त्वज्ञान यात नाही.

चाल आधी असेल तर डमी शब्दांची लाज बाळगू नका. बीटल्स या बँडच्या पॉल मॅकार्टनी यांना ‘यस्टरडे’ची चाल सुचली तेव्हा खऱ्या शब्दांच्या जागी बराच काळ अंड्यांच्या भुर्जीवरची एक ओळ होती, गाणं १९६५ मध्ये आलं तेव्हा त्या भुर्जीचा मागमूसही उरला नव्हता. डमी शब्दांचं काम अर्थ देणं नसतं. कुठे लांब स्वर हवा, कुठे ठोस व्यंजन हवं आणि ओळ किती अक्षरांत संपते हे ते पकडून ठेवतात. तेवढं सापडलं की खरे शब्द शोधणं म्हणजे कोडं सोडवणं होतं. कोऱ्या पानाइतकी कोड्याची भीती वाटत नाही.

मराठी शब्द चालीत बसतच नाहीत. इंग्रजी गुणगुणलं की छान वाटतं, मराठी घातलं की ओढूनताणून.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि ‘मराठी गिटारला चालत नाही’ हे त्यावरचं सगळ्यात आळशी उत्तर आहे. भाषा चालते, आपण तिला दुसऱ्याच भाषेच्या मापाचे कपडे घालतो. इंग्रजीत शब्दातल्या एका ठरावीक अक्षरावर जोर येतो आणि चाली त्या जोरावर उभ्या असतात. मराठीत तसा ठळक आघात नाही. आपल्याकडे वजन येतं ऱ्हस्व-दीर्घावरून. ‘भरभर’ आणि ‘दारामागे’ दोन्ही चार अक्षरी, पण पहिल्याच्या मात्रा चार आणि दुसऱ्याच्या आठ. एकाच चालीत एकाच्या जागी दुसरं घातलं तर ते रखडणारच. म्हणून अक्षरं मोजून मीटर जमत नसेल तर मात्रा मोजा.

लांबवायच्या स्वराकडे खास लक्ष द्या. ओळीचा शेवट चार मात्रा ताणायचा असेल तर तिथे दीर्घ स्वर हवा. ‘वाट’ चालतं, कारण ‘वा’ कितीही ताणता येतो आणि ‘ट’ शेवटी हलकेच टेकवता येतो. ‘पाऊस’ही चालतं. ‘आठवण’ मात्र अडतं: ताणायला हाताशी फक्त ‘व’मधला ऱ्हस्व अ असतो, आणि तो ताणला की गायक अडखळल्यासारखा वाटतो. इथे विभक्ती धावून येते. ‘आठवण’ची ‘आठवणी’ करा, ‘घर’चं ‘घरी’ किंवा ‘घराला’, ‘मन’चं ‘मना’. उंच पट्टीतल्या ताणलेल्या स्वरावर ‘ई’ आला की माझा गळा आवळतो. तिथे ‘आ’ किंवा ‘ओ’ शोधतो. तुमचा गळा वेगळा असेल, गाऊन ठरवा.

समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, काय येतंय तेही पाहा. ‘आणि’, ‘तर’, ‘मग’ असल्या शब्दांवर सम पडली की ओळ विनाकारण आग्रही वाटते. ‘आणि मग तो गेला’ म्हणायचं असेल तर ‘आणि मग तो’ समेच्या आधी उरकून घ्या आणि ‘गेला’ समेवर येऊ द्या. बरं, मराठीत शब्दांची जागाही हलवता येते. ‘काल मी तुला पाहिलं’, ‘तुला काल पाहिलं मी’, ‘पाहिलं मी काल तुला’: तिन्ही बरोबर, तिन्हींचा शेवट वेगळा, आणि शेवट वेगळा म्हणजे यमकाचे पर्यायही वेगळे. ही मोकळीक हाताशी असताना यमक जुळत नाही म्हणून रडणं शोभत नाही.

अगदीच सांगाडा हवा असेल तर मोठ्या अभंगाचा घ्या. चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. इथे मात्रांची नव्हे, अक्षरांची मोजणी असते, त्यामुळे नवशिक्याला तो सोपा जातो. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्यामुळे गिटारला आपसूक जागा मिळते: आवाज थांबतो, तारा उत्तर देतात. विषय भक्तीचा असायला हवा असं काही नाही. रात्रीच्या बसवर लिहा, हरवलेल्या किल्लीवर लिहा.

मुखडा झकास झालाय. अंतरा मात्र महिनाभर होत नाहीये.

मुखडा आधी सुचला म्हणजे जे सांगायचं ते तुम्ही पहिल्या दोन ओळींत सांगून टाकलंय. आता अंतऱ्यात तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगायचा प्रयत्न चाललाय आणि तो तुमचा तुम्हालाच पटत नाहीये.

चालीच्या बाजूने बघायचं तर आधी वेगळेपणा तपासा. मुखडा उंच पट्टीत असेल तर अंतरा खाली उतरवा, आपल्या परंपरेत सहसा उलटं असलं तरी. मुखड्यात शब्द दाटीने असतील तर अंतऱ्यात विरळ करा. मुखडा मूळ कॉर्डपासून सुरू होत असेल तर अंतरा दुसऱ्या कॉर्डपासून उचला. जी मेजरच्या गाण्यात सी किंवा ई मायनरपासून. एवढ्यानेही पुष्कळदा गाडी सुटते.

शब्दांच्या बाजूने, जागा बदला. मुखडा ‘मला तुझी आठवण येते’ असं काही म्हणत असेल तर पहिल्या अंतऱ्यात भावना नकोच, फक्त दिसणाऱ्या वस्तू लिहा: दाराला टेकवलेली छत्री, एकच धुतलेला कप. दुसऱ्या अंतऱ्यात काळ बदला, दहा वर्षं पुढे जा किंवा मागे. नाहीतर समोरच्याला बोलू द्या. त्याचं उत्तर काय असेल? हा प्रश्न विचारल्यावर माझी दोन गाणी पूर्ण झाली. तिसऱ्यात समोरच्याचं म्हणणं इतकं रास्त निघालं की मूळ मुखडाच फेकावा लागला.

आणि एक शक्यता: गाणं दोन मिनिटांचं असेल. मुखडा, एक अंतरा, मुखडा, संपलं. दुसरा अंतरा हवाच असा कुठे कायदा आहे?

चाल सुचली की वाटतं, ही कुठेतरी ऐकलीय. या भीतीने पुढे जाताच येत नाही.

भीती अगदीच निराधार नाही. बीटल्सच्याच जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७० सालच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्यावर खटला झाला आणि १९७६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने निकाल दिला की त्यांनी शिफॉन्स या गटाच्या १९६३ मधल्या गाण्याची चाल उचलली आहे, जाणूनबुजून नाही तर नकळत. ऐकलेलं विसरायचं आणि तेच नवीन म्हणून आठवायचं, असं कुणाचंही होऊ शकतं.

पण ही तपासणी गाणं पूर्ण झाल्यावर करायची. करताना मध्येच थांबलात तर हाती गाणंही नाही आणि उत्तरही नाही. पूर्ण झालं की दोन-तीन वेगवेगळ्या वयाच्या लोकांना शब्दांशिवाय चाल ऐकवा आणि ‘कशासारखं वाटतं?’ विचारा. दोघांनी एकाच गाण्याचं नाव घेतलं तर ती ओळ बदला. बहुतेक वेळा ओळीतला एखादा ठळक स्वर आणि त्याचा ठेका हलवला की पुरतं.

कॉर्डच्या क्रमाबद्दल मात्र एवढं मनाला लावून घेऊ नका. जी, डी, ई मायनर, सी या क्रमावर अगणित गाणी उभी आहेत आणि तो कुणाच्या मालकीचा नाही. ओळख चालीत आणि शब्दांत असते.

जे काही लिहितो ते टुकार वाटतं. फाडून टाकतो.

फाडू नका, तारीख घाला आणि ठेवा. लिहिणारा आणि परीक्षक ही एकाच डोक्यातली दोन माणसं आहेत आणि ती एका वेळी खोलीत असली की भांडणापलीकडे काही होत नाही. मी त्यांच्या वेळाच वेगळ्या केल्यात. रात्री लिहायचं आणि त्यातलं काहीही खोडायचं नाही, ओळ कितीही बावळट असो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिल घेऊन बसायचं, तेव्हा नवीन एकही ओळ लिहायची नाही.

मुद्दाम वाईट गाणं लिहायचा प्रयोगही करून बघा. वीस मिनिटं लावा आणि शक्य तितकं भंपक, रडकं, ‘तुझ्याविना जीवना’ छापाचं गाणं पूर्ण करा. पूर्ण, अर्धवट नाही. दोन गोष्टी होतात. एक, शेवटपर्यंत पोचण्याची सवय लागते, आणि अडकणाऱ्यांमध्ये नेमकी तीच नसते. दोन, त्या भंपकपणात एखादी ओळ अशी निसटते की आपणच दचकतो. परीक्षक झोपलेला असताना ती आत शिरलेली असते.

रोज ठरलेल्या वेळी बसावं की मूडची वाट पाहावी?

बसावं. पण थोडं. रोजचा अर्धा तास महिन्यातल्या एका रविवारी काढलेल्या आठ तासांपेक्षा जास्त देतो, कारण मधल्या वेळेत गाणं डोक्यात शिजत असतं. मानसशास्त्राचे अभ्यासक ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाचे चार टप्पे मांडले होते: तयारी, मुरणं, उमगणं आणि पडताळणं. त्यातला दुसरा सगळ्यांना आवडतो, कारण त्यात नुसतं फिरायला जायचं असतं. पण मुरायला आधी काहीतरी घालावं लागतं. कोऱ्या वहीवरून उठून फिरायला गेलात तर ते फक्त फिरणं.

म्हणून मी अडल्यावर नाही, चाललेलं असताना उठतो. पुढची ओळ कुठे जाणार हे साधारण कळलेलं असताना गिटार ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी सुरुवात सापडायला त्रास होत नाही.

संगीताची थिअरी येत नाही म्हणून अडतंय का?

नाही. एवढं मात्र पाठ करा: एका पट्टीत सहजी बसणारे कॉर्ड कोणते. सी मेजरसाठी सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर आणि बी डिमिनिश्ड. शेवटचा तूर्त विसरलात तरी चालेल. बाकी अडलं की शिका, अडायच्या आधी नाही. ‘आधी थिअरी पूर्ण करतो, मग गाणं’ म्हणणारे बरेच जण अजून थिअरीच करताहेत.

गाणं झालंय, पण गाताना मजा येत नाही. कुठे चुकतंय तेच कळत नाही.

पट्टी तपासा. गाणं जीमध्ये का आहे? बहुधा तुमच्या गळ्याला जी सोयीचा म्हणून नव्हे, बोटांना सोपा म्हणून. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावून तेच आकार वाजवा, गाणं बी फ्लॅटमध्ये गेलं. आणखी एक-दोन फ्रेट वर-खाली करून बघा. मेलेलं वाटणारं गाणं नुसतं दोन फ्रेट वर सरकवल्यावर उठून बसलेलं मी पाहिलंय. आठवडाभर शब्द बदलत बसण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करून टाका.

अर्धवट तुकड्यांचा ढीग झालाय. त्याचं काय करू?

महिन्यातून एकदा सगळे सलग ऐका, हातात गिटार न घेता. ऐकताना ज्यावर मान हलली त्यावर खूण करा. मग त्यातले दोन असे निवडा की ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि ते एका पट्टीत आणून जोडून बघा. एकाचा अंतरा दुसऱ्याच्या मुखड्याला लागतो, असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा. खूण न झालेले पुसायचे नाहीत, पण त्यांची जबाबदारीही घ्यायची नाही.

अर्धवट गाणं कुणाला ऐकवावं का?

एकाच माणसाला, आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’ एवढंच येतं. ‘लक्ष कुठे उडालं?’ हे विचारा. बोट दाखवतील तीच जागा दुरुस्तीची. कशी दुरुस्त करायची हा त्यांचा सल्ला मात्र ऐकून सोडून द्यावा.

शब्दांसाठी एआयची मदत घेतली तर?

यमकांची यादी मागायला हरकत नाही, त्यासाठी लोक पूर्वीपासून कोश चाळतातच. पूर्ण कडवं मागितलंत तर बहुतेकदा चकचकीत आणि कुणाचंच नसलेलं काहीतरी येतं, आणि ते एकदा कानात बसलं की स्वतःची ओळ सुचणं आणखी अवघड होतं. माझं मत. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

गाणंच नाही, कशातच मन लागत नाहीये.

मग हा गाण्याचा प्रश्न नाही. झोप बिघडली असेल, भूक गेली असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टीही आठवडेच्या आठवडे नकोशा वाटत असतील तर डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. दुःखी असल्याशिवाय चांगलं गाणं होत नाही ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे, पण तिच्यापायी उपचार लांबवू नका.

काही महिने गिटारला हात लावलेला नाही. कुठून सुरू करू?

गाण्यापासून नको. पहिल्या दिवशी फक्त तारा बदला. जुन्या तारा गंजून बोथट झालेल्या असतात, त्यांच्यावर काहीही वाजवलं तरी आपलाच कंटाळा आल्यासारखं ऐकू येतं. नव्या तारा सुरुवातीला ताणत राहतात आणि सारख्या उतरतात, त्यामुळे दोन-तीन दिवस लावत बसावं लागेल. तेवढ्यात कानही जागे होतात. बोटांच्या टोकांचे घट्टे गेलेले असतील, दुखेल. पंधरा मिनिटांत थांबा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठ असलेलं एखादं आवडतं गाणं वाजवा, पण वेगळ्या पट्टीत किंवा अर्ध्या लयीत. मधेच कुठेतरी बोट चुकेल आणि भलताच कॉर्ड लागेल. तिथे थांबा, तो पुन्हा वाजवा आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा. ट्यूनिंग आणि कॅपो बोलायला विसरू नका.